मेंदूची किनार आणि दाखल्यांचा हिशेब

‘जगातले पहिले दोन टक्के शास्त्रज्ञ’ अशी यादी दरवर्षी निघते आणि जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांच्या फाटकांवर अभिनंदनाचे फ्लेक्स झळकू लागतात. फैजपूरलाही हे आता नवं राहिलेलं नाही. इथलं धनाजी नाना महाविद्यालय १९६१ सालचं. पुढे अभियांत्रिकीचं कॉलेज आलं. स्टाफरूममध्ये पूर्वी केळीचा भाव आणि बदल्यांचे विषय निघायचे. त्यांच्या जोडीला आता ‘जर्नल स्कोपसला आहे का?’, ‘सायटेशन किती झाले?’, ‘एच-इंडेक्स कितीवर गेला?’ हे प्रश्नही असतात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत हे आकडे लागतात, मुलाखतीत विचारले जातात, बढतीच्या वेळी मोजले जातात. पण यावल-रावेरकडची जी मुलं एम.एस्सी. करून संशोधनात जायचं म्हणतात, त्यांना हे आकडे नेमकं काय मोजतात आणि काय मोजायचं सोडून देतात, ते कोणी नीट बसून सांगत नाही. ते सांगायला हवं. आणि ते नुसत्या व्याख्या सांगून कळत नाही, त्यासाठी एखाद्या शास्त्रज्ञाचं काम हातात घेऊन पाहावं लागतं.

मी घेतलंय मुंबईच्या डॉ. शुभा टोळे यांचं. सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवी, अमेरिकेत कॅलटेकमध्ये पीएच.डी., मग शिकागो विद्यापीठात एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत पुढचं संशोधन, आणि १९९९ मध्ये परत येऊन कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, स्वतःची प्रयोगशाळा. २०१० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार. मेंदूसंशोधनाच्या जागतिक संघटनेच्या, इंटरनॅशनल ब्रेन रिसर्च ऑर्गनायझेशनच्या, अध्यक्षपदी निवडून आलेल्या विकसनशील देशातल्या त्या पहिल्या शास्त्रज्ञ. पुरस्कारांची यादी इथेच थांबवतो, कारण खरी गोष्ट त्यांच्या चार शोधनिबंधांत आहे.

त्याआधी प्रश्न काय होता ते पाहू. आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. त्याचं महत्त्व जगाला कळलं ते एका रुग्णामुळे. १९५३ मध्ये अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी फिट्स थांबवण्यासाठी एका तरुणाच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण त्या तरुणाला नवं काही लक्षातच राहीना. जुन्या आठवणी बऱ्याच शाबूत, बोलणं-चालणं ठीक, पण आत्ताच भेटून गेलेला माणूस पुन्हा खोलीत आला की त्याची ओळख नव्याने करून द्यायची. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याची चिकाटीने तपासणी केली आणि १९५७ मध्ये स्कोव्हिल-मिल्नर हा निबंध आला. मेंदूशास्त्रात सर्वाधिक दाखले, म्हणजे सायटेशन, मिळालेल्या निबंधांत त्याची गणना होते. ‘आठवण पक्की व्हायला हिप्पोकॅम्पस लागतो’ असं ज्याला ज्याला लिहायचं होतं, त्याला हा दाखला द्यावाच लागला.

टोळे यांचा प्रश्न याच्याही आधीचा आहे. हिप्पोकॅम्पस मुळात तयार होतो कसा? गर्भात मेंदू म्हणजे सुरुवातीला पेशींची एक पातळ चादर असते. तिच्यातला अमुक पट्टा हिप्पोकॅम्पस होणार आणि शेजारचा पट्टा मेंदूचं बाह्यक, म्हणजे कॉर्टेक्स, होणार, हे कोण ठरवतं? १९९८ मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात ग्रोव्ह, टोळे आणि इतर तिघांचा निबंध आला. त्या चादरीच्या अगदी कडेला पेशींची एक अरुंद किनार असते आणि तिच्यात व्हिंट नावाच्या कुळातली अनेक जनुकं काम करत असतात, असं त्यांनी दाखवलं. शास्त्रज्ञ तिला कॉर्टिकल हेम म्हणतात. दोन वर्षांनी, २००० मध्ये, त्याच नियतकालिकात ली, टोळे, ग्रोव्ह आणि मॅकमेहन यांचा निबंध आला. त्या किनारीतलं व्हिंट-३ए हे एकच जनुक बंद केलेल्या उंदरांत हिप्पोकॅम्पस जवळजवळ तयारच होत नाही, हे त्यात सिद्ध केलं. किनारीतून काहीतरी संदेश झिरपतो आणि शेजारच्या पेशींना सांगतो की तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा. पाटाला लागून असलेल्या सरीत ओल जास्त, पुढच्या सरींत कमी कमी होत जाते, तसाच हाही अंतराचा खेळ. जवळच्या पेशींना संदेश जास्त मिळतो, लांबच्यांना पोचतच नाही.

पण एक गोष्ट अजून पक्की व्हायची होती. किनार काढून टाकली की हिप्पोकॅम्पस नाहीसा होतो, एवढ्यावरून ती किनार हिप्पोकॅम्पस ‘घडवते’ असं म्हणता येत नाही. ती आवश्यक आहे, एवढंच कळतं. घडवते म्हणायचं तर भलत्याच जागी किनार तयार करून दाखवायची, आणि तिथे तिच्या शेजारी हिप्पोकॅम्पस उगवतो का ते पाहायचं. हे जानेवारी २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या निबंधात झालं. पहिलं नाव मंगळे यांचं, मध्ये अकरा सहकारी, शेवटची दोन नावं शुभा टोळे आणि कॅलिफोर्नियातले एडविन मोनुकी.

हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. एलएचएक्स-२ नावाचं एक जनुक आहे. ते नसलेल्या पेशी आणि साध्या पेशी यांचं मिश्रण असलेले उंदराचे गर्भ त्यांनी तयार केले. मग त्या कोवळ्या मेंदूच्या चादरीत जागोजागी ठिगळं पडली, काही ठिगळांत हे जनुक आहे, काहींत नाही. मध्यरेषेकडच्या बाजूला जिथे ते नव्हतं, तिथल्या पेशी बाह्यक व्हायचं सोडून किनार झाल्या. आणि अशा प्रत्येक भलत्या किनारीच्या शेजारच्या अगदी सामान्य, धडधाकट पेशींनी हिप्पोकॅम्पसची ओळख धारण केली. एका मेंदूत एकाहून अधिक हिप्पोकॅम्पस. म्हणजे एलएचएक्स-२ हे जनुक बाह्यकाच्या पेशींना ‘तू बाह्यकच राहा’ असं बजावत असतं आणि किनार होण्यापासून रोखत असतं. शिवाय ही निवड ठरायची मुदत फार थोडी असते. उंदराचा गर्भ साधारण एकोणीस-वीस दिवसांचा. त्यात साडेदहाव्या दिवसाच्या सुमारास ती मुदत संपते. त्यानंतर जनुक बंद केलं तरी पेशी किनारीकडे वळत नाहीत.

आता दाखल्यांकडे येऊ. एखादा संशोधक आपल्या निबंधात ‘हे अमुक यांनी दाखवलं आहे’ असं लिहून शेवटच्या यादीत त्या निबंधाची नोंद करतो, ते एक सायटेशन. कोर्टात वकील जुन्या निकालाची नजीर देतात, तोच हा प्रकार, आणि हे साम्य योगायोगाचं नाही. अमेरिकेत ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची वकिलांची सूची १८७३ पासून निघत होती. कोणता निकाल पुढे कोणत्या खटल्यांत वापरला गेला, हे तिच्यात पाहायला मिळे. युजीन गार्फील्ड यांनी हीच पद्धत विज्ञानाला लावायची कल्पना १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आली. मूळ उद्देश ग्रंथपालांना आणि संशोधकांना वाट दाखवण्याचा होता. हातात असलेल्या निबंधाचं पुढे काय झालं, कोणी तो खोडला, कोणी पुढे नेला, हे शोधता यावं म्हणून. माणसांची किंमत ठरवायला ती सूची काढलेली नव्हती, आणि ही गोष्ट वारंवार सांगण्यासारखी आहे असं मला वाटतं.

माणसं मोजायचं सोपं माप आलं २००५ मध्ये. सॅन दिएगोच्या विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. समजा एखाद्याचे पाच निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, २२, ९, ५ आणि ४ दाखले मिळाले. किमान चार दाखले मिळालेले निबंध चार तरी आहेत, पण किमान पाच दाखले मिळालेले पाच निबंध नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. यात पहिल्या निबंधाला ४० ऐवजी ४००० दाखले मिळाले असते तरी एच-इंडेक्स ४ च राहिला असता. मुलांना शिकवताना एवढं एक उदाहरण फळ्यावर मांडलं तरी पुष्कळ होतं.

आणि मग तो फ्लेक्सवाला ‘दोन टक्के’. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या निबंधसूचीच्या माहितीवरून काढतात. तिच्यातल्या गुणांकनाचे सहा घटक आहेत. एकूण दाखले, एच-इंडेक्स आणि सहलेखकांची संख्या लक्षात घेऊन दुरुस्त केलेला एच-इंडेक्स, हे पहिले तीन. उरलेले तीन लेखकाच्या जागेवर ठरतात. एकट्याने लिहिलेल्या निबंधांचे दाखले, एकट्याने किंवा पहिल्या नावाने लिहिलेल्यांचे, आणि एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या नावाने लिहिलेल्यांचे. स्वतःचेच दाखले वगळूनही आकडे देतात. यादी करणाऱ्यांनी विचार केलेला आहे, यात शंका नाही. जीवशास्त्रात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष हात चालवणाऱ्याचं असतं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मधली नावं मदतीची.

पण टोळे यांचे निबंध या चाळणीतून घालून पाहा. १९९८ च्या निबंधावर त्यांचं नाव दुसरं. २००० च्या निबंधावरही दुसरं. या दोन निबंधांवर एक अख्खं उपक्षेत्र उभं राहिलं, पण लेखकाच्या जागेवर ठरणाऱ्या त्या तीन घटकांत दोन्हींची त्यांच्या खात्यावर नोंद नाही. २००१ मध्ये एलएचएक्स-२ आणि किनार यांचा संबंध दाखवणारा एक निबंध आला, त्याच्यावर पहिलं नाव बुलचंद यांचं आणि शेवटचं टोळे यांचं. आता त्या प्रमुख झाल्या होत्या, विद्यार्थ्यांचं नाव पुढे आणि स्वतःचं मागे. हा धरला जातो. आणि ज्या २००८ च्या निबंधासाठी जग त्यांना ओळखतं, त्याच्यावर त्यांचं नाव शेवटून दुसरं, कारण काम दोन प्रयोगशाळांनी बरोबरीने केलं आणि शेवटची खुर्ची एकच असते. म्हणजे तोही त्या तीन घटकांत धरला जात नाही. आकडे कुणी लबाडीने लावलेले नाहीत, नियम सगळ्यांना सारखा आहे. तरीही एका शास्त्रज्ञाच्या चार महत्त्वाच्या निबंधांपैकी तीन त्या नियमाच्या जाळीतून खाली पडतात.

नावांच्या या जागा ओळीने लावल्या की मात्र एक कारकीर्द वाचता येते, आणि मला ती आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त सांगते. शिकागोत दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत दुसरं नाव, मुंबईत आल्यावर शेवटचं, मग परदेशातल्या समतुल्य प्रयोगशाळेशी भागीदारी. पुढे २०११ मध्ये त्याच एलएचएक्स-२ चं आणखी एक काम सापडलं. वाढत्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशी बनवायच्या की त्यांना आधार देणाऱ्या तारकापेशी, हेही ते जनुक ठरवतं. २०१३ मध्ये उंदराच्या मिशांकडून येणाऱ्या संवेदनांचा मेंदूतला नकाशा उठायलाही तेच जनुक लागतं असं दिसलं. पंधरा वर्षं एका धाग्याचा पाठलाग. ज्याला संशोधनात जायचंय त्याने कोणाचीही यादी अशीच वाचावी. दरवर्षी नवा विषय आणि नवं जर्नल, की एकच प्रश्न दरवेळी थोडा खोल?

दाखल्यांचा आकडा फसवतो तो दोन्ही बाजूंनी. विज्ञानातला सर्वाधिक दाखले मिळालेला निबंध कोणता? ऑलिव्हर लाउरी यांचा, १९५१ चा. २०१४ मध्ये ‘नेचर’ने मोजणी केली तेव्हा त्याचे दाखले तीन लाखांच्या वर गेले होते. विषय, द्रावणात प्रथिनं किती आहेत ते मोजायची पद्धत. लाउरी हे मेंदूच्या रसायनाचेही मोठे अभ्यासक, एकेका चेतापेशीतली विकरं मोजण्याइतका त्यांचा हात बारीक. पण जग त्यांचा दाखला देतं ते मोजमापाच्या कृतीसाठी. त्याच मोजणीत पहिल्या शंभरांत यायला १२,११९ दाखले लागत होते, आणि वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या रचनेचा निबंध त्या शंभरांत नाही.

उलट बाजू अधिक त्रासदायक आहे. २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये अल्झायमरवरचा एक निबंध आला. अमायलॉइड प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार उंदरांची स्मरणशक्ती घालवतो, असा त्याचा निष्कर्ष. त्याला सुमारे अडीच हजार दाखले मिळाले, त्याच्यावर पुढचे प्रकल्प उभे राहिले. २०२२ मध्ये त्यातल्या चित्रांत फेरफार झाल्याचे आरोप जाहीरपणे पुढे आले आणि जून २०२४ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. ते अडीच हजार दाखले मात्र जगभरच्या निबंधांत छापलेले आहेतच. दाखला हा ‘आम्ही हे तपासून पाहिलं’ असा शिक्का नसतो. पुष्कळदा तो ‘सगळे देतात म्हणून’ दिलेला असतो. ज्या घरात विसराळूपणा वाढत चाललेली म्हातारी माणसं आहेत, त्यांच्या आशा अशा निबंधांवर टांगलेल्या असतात. म्हणून हे मला फक्त शास्त्रज्ञांमधलं प्रकरण वाटत नाही.

आणि काही कामं इतकी खोल जातात की त्यांचा दाखला द्यायचीच पद्धत बंद होते. १९२४ मध्ये हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांचा निबंध आला. हिल्डे तेव्हा पंचविशीतली विद्यार्थिनी. तिने फिकट रंगाच्या एका पाणसरड्याच्या कोवळ्या गर्भातला कणभर तुकडा काढून गडद रंगाच्या दुसऱ्या जातीच्या गर्भात बसवला. तिथे दुसरं शरीर घडू लागलं. रंग वेगळे असल्यामुळे एक गोष्ट लख्ख दिसली, ती म्हणजे या दुसऱ्या शरीरातल्या बऱ्याच पेशी गडद, यजमानाच्या होत्या. बसवलेल्या तुकड्याने स्वतः वाढण्यापेक्षा शेजाऱ्यांना कामाला लावलं होतं. निबंध छापून हातात यायच्या आधीच घरातल्या स्टोव्हच्या स्फोटात भाजून हिल्डे गेली. १९३५ चं नोबेल श्पेमान यांना मिळालं. मंगळे-टोळे-मोनुकी यांच्या उंदरांतल्या ठिगळांचा तर्क नेमका हाच आहे. ठिगळ किनार होतं आणि शेजारचे हिप्पोकॅम्पस होतात. गर्भशास्त्रात ‘ऑर्गनायझर’ ही कल्पना आज कोणीही वापरतं, पण प्रत्येक जण १९२४ चा दाखला देत बसत नाही. ती पाठ्यपुस्तकातली झाली. हिल्डेच्या नावावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही निबंध नव्हते, एच-इंडेक्स भरणार तो कितीसा?

आपल्याकडे या मापांनी जे केलं ते अधिक थेट आहे. यूजीसीने २०१० मध्ये प्राध्यापकांसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण आणले आणि निबंधांची संख्या हेच भांडवल झालं. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत आलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ ला प्रसिद्ध केली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर उतरली नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी निबंध छापलेलाच हवा ही सक्तीही गेली. सक्ती उठली, पण सवय सहज सुटत नाही. खेड्यातल्या कॉलेजात आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवून, परीक्षांची कामं करून, ज्या प्रयोगशाळेत धड शीतपेटी चालत नाही तिथे काम करणाऱ्या शिक्षकाला आणि टीआयएफआरच्या शास्त्रज्ञाला एकाच पट्टीने मोजणं अन्यायाचं आहे. शिवाय दोन विषयांनाही एक पट्टी चालत नाही. मेंदूशास्त्रात माणसं पुष्कळ, निबंध पुष्कळ, शेवटच्या याद्या लांबलचक. गणितात त्या आखूड असतात. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वनस्पतींवर किंवा केळीच्या करप्यावर काम करणाऱ्याचे वाचक जगात मोजकेच, पण ते मोजके रावेर-यावलचे असतात आणि त्यांना त्याची गरज असते.

दाखले मोजूच नयेत असं मी म्हणत नाही. पन्नास वर्षं कोणीही ज्याकडे वळून पाहिलं नाही अशा निबंधाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण आकड्यावर थांबण्याऐवजी तो दाखला कोणी, कशासाठी दिला ते उघडून पाहायला हवं. संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दल २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्याचं, ज्याला सगळे डोरा म्हणतात, सांगणं हेच आहे. माणूस निवडताना जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे तिथल्या निबंधांना सरासरी किती दाखले मिळतात तो आकडा, बघू नका, काम वाचा. आपल्याकडे संशोधकांना मोठी अनुदानं देणाऱ्या इंडिया अलायन्सने त्यावर सही केली आहे.

काम वाचणं फैजपूरला बसूनही जमतं. ‘डेव्हलपमेंट’मधले जुने निबंध संकेतस्थळावर सर्वांना मोफत खुले आहेत. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाने २००० चा ली-टोळे निबंध मोबाइलवर उघडावा आणि मजकूर नंतर वाचावा, आधी चित्रं बघावीत. एका बाजूला साध्या उंदराच्या मेंदूचा काप असतो, दुसऱ्या बाजूला व्हिंट-३ए नसलेल्याचा. पहिल्यात हिप्पोकॅम्पस कुठे आहे ते ओळखायचं आणि दुसऱ्यात तीच जागा शोधायची. मग गुगल स्कॉलरवर त्या निबंधाखालच्या दाखल्यांच्या आकड्यावर बोट ठेवलं की पुढचे निबंध एकामागून एक उघडतात. गार्फील्ड यांनी सूची काढली ती यासाठीच. त्यातले पाच-दहा घेऊन प्रत्येकात हा निबंध कोणत्या वाक्याला आधार म्हणून आलाय ते वहीत उतरवून काढायचं. सेमिनारला विषय काय घ्यावा म्हणून विचारत येणाऱ्या मुलांना मी हाच देतो.